अठ्ठावन्न अंश

आमच्या ह्यांना माझं सगळं माहीत आहे. बर्फीचा डबा मी कुठे दडवते, सासूबाईंच्या कुठल्या भाजीला तोंडदेखलं छान म्हणते, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी माझं का बिनसलं — सगळं. हे एकच माहीत नाही. आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच बहुधा आज जीभ उचलते आहे.

आधीच सांगून ठेवते — मी दुःखी बाई नाही. धरमपेठेत घर आहे, घरात ऊन कमी आणि माणसं बरी आहेत. इथल्याच एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि शिकून गेलेली पोरं बाजारात भेटली की भर रस्त्यात वाकतात — नको म्हटलं तरी. मला झोप लागते. जेवण जातं. तेव्हा पश्चात्तापानं खंगलेली, खिडकीशी बसून राहिलेली बाई डोळ्यांपुढे आणू नका. मी सध्या पापड लाटण्याच्या मधल्या वेळात हे लिहिते आहे.

गोष्ट एका ताऱ्याची आहे. म्हणजे — ताऱ्याची नाही, त्याच्याभोवतीच्या रिकाम्या जागेची. म्हणजे — तिचीही नाही, माझीच आहे. पण तारा सांगितल्याशिवाय मी कळणार नाही. थोडं सहन करा, वर्गात पोरं करतात तसं.

काही मोठे तारे मरताना स्वतःत कोसळतात, आणि आपल्या सूर्याहून जड असा ऐवज नागपूर शहराएवढ्या गोळ्यात कोंबला जातो. हा न्यूट्रॉन तारा. त्यातल्या काहींचं चुंबकत्व इतकं भयंकर असतं की पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेला त्याच्या जवळपासही जाता येत नाही. त्यांना मॅग्नेटार म्हणतात. आता खरी गंमत. अशा ताऱ्याजवळची जागा रिकामी असते — अगदी काही म्हणजे काही नाही — आणि तरी ती नुसती पडून राहत नाही. रिकामी जागा मुळात तेवढी रिकामी नसतेच. क्षणासाठी कण उपजतात, क्षणात मिटतात. एरवी त्यांचा आपल्याला पत्ताही लागत नाही. पण त्या प्रचंड चुंबकत्वात ही जागा स्फटिकासारखी वागू लागते, तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाला वळण लावते. ताऱ्याच्या अंगावरून निघालेले किरण खरं तर वेगवेगळ्या दिशांनी थरथरत असायला हवेत, बिछान्यातून उठलेल्या पोरीच्या केसांसारखे. ही रिकामी जागा त्यांना विंचरून एका दिशेला बसवते. शतकभरापूर्वी लोकांनी हे कागदावर मांडून ठेवलं. आकाशात ते दिसतं का, हे पाहण्याची साधनं आत्ता आत्ता आली.

काहीच नसलेल्या जागेचा प्रकाशावर परिणाम होतो — मला हे अजूनही वर्गात सांगताना अंगावर काटा येतो. खोटं नाही सांगत. बघा, 'खोटं नाही सांगत' हे किती सहज लिहून गेले मी.

तर प्रज्ञा.

प्रज्ञा आणि मी एमएस्सीला एकत्र होतो. ती कोराडीच्या कॉलनीतली. वडील वीजकेंद्रात. सकाळी पांढरी ओढणी वाळत घातली की संध्याकाळी राखेनं करडी, असं तिचं बालपण. ती बसनं शहरात यायची आणि पोचल्या पोचल्या आधी चष्मा पुसायची. तिच्या आजोबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली होती, आणि घरातली शिकवण अशी, की कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासायचं. आमच्या घरातली शिकवण नेमकी उलटी होती. मोठ्यांनी सांगितलं की मान डोलवायची. मी चांगली डोलवायची.

प्रयोगशाळेत एका यंत्रावर दोघी. प्रज्ञा आकडा वाचायची आणि मोठ्यानं म्हणायची. मी म्हणायची, "माझंही तेच." महिनाभर तिनं ऐकून घेतलं. मग एक दिवस भडकली.

"दरवेळी तुहंही तेच काहून येते वं? तुह्या डोळ्यानं पाहत जाय ना! मले साक्षीदार पाहिजे, पोपट नको."

तिथून आमचा नियम निघाला. दोघींनी वेगवेगळं काढायचं, एकमेकींना काही दाखवायचं नाही, आणि शेवटी समोरासमोर बसून — एक, दोन, तीन — दोघींनी एकदम आकडा म्हणायचा. तीनला. आधी नाही, नंतर नाही. दोन्ही आकडे जुळले तर 'भेटलं', नाही जुळले तर पुन्हा बसायचं. पोरखेळ वाटतो ना? जगभरातले शास्त्रज्ञ हेच करतात, फक्त त्यांच्याकडे कुणी एक-दोन-तीन म्हणत नाही.

आणि त्या दिवसांत आमचं पुष्कळदा भेटायचं नाही. मग चूक शोधायला बसायचो. चूक बहुतेक वेळा माझी निघायची. बहुतेक कशाला — नेहमीच. प्रज्ञा कधी टोचून बोलली नाही. उलट न भेटलेला आकडा तिला भेटलेल्याहून प्यारा. "आता खरी मजा आहे," म्हणत बाह्या सरसावायची. मजा तिला वाटायची. मला काय वाटायचं, ते मी तेव्हा स्वतःशीही बोलत नसे.

पुढे मी कायम नोकरीला लागले. ती नाही लागली. ती कळमेश्वरला तासिका तत्त्वावर शिकवायची — म्हणजे जेवढे तास तेवढी बाई, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं मुलाखत. हे असं का झालं, ते सांगत बसले तर दुसराच कबुलीजबाब होईल आणि तो माझ्या एकटीचा नसेल. एवढंच सांगते, की आमच्या दोघींत हुशार कोण याबद्दल आमच्या एकाही प्राध्यापकाला कधी शंका नव्हती. मलाही नव्हती.

उपग्रहानं टिपलेला डेटा काही काळानं सगळ्यांसाठी खुला होतो, हे तुम्हाला माहीत आहे? क्ष-किरणांच्या थरथरण्याची दिशा मोजणारे उपग्रह वर गेले आणि हे प्रज्ञाच्या लक्षात आलं. कळमेश्वरच्या तासिकावाल्या बाईनं घरी बसून उतरवून घ्यावं आणि कामाला लागावं, कुणी अडवणार नाही. एका रविवारी ती दारात उभी. "तारे करू ना वं, दोघी मिळून. नियम आपला जुनाच." मी हो म्हटलं. खरं सांगते, त्या वर्षांइतकी मजा मला आयुष्यात आली नाही. आठवडाभर तिनं तिकडे, मी इकडे, आणि रविवारी सकाळी धरमपेठेतल्या ठेल्यावर तर्री-पोहे आणि एक-दोन-तीन. पहिले दोन तारे सोपे होते. दोन्ही वेळा भेटलं. प्रामाणिकपणे भेटलं — हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकून सगळंच खोटं धराल.

मग तो तिसरा आला. मॅग्नेटार.

त्याचं काम वर्षभर चाललं. प्रकाश किती विंचरलेला आहे तो आकडा आधी निघाला. भेटला, आणि चांगला मोठा होता. नाचावंसं वाटावं असा. आता प्रश्न दिशेचा होता. आकाशाच्या उत्तरेपासून किती अंशांनी तो कललेला? याच दिशेवर सगळं उभं राहणार होतं. प्रकाश खरोखर त्या रिकाम्या जागेनं विंचरला असेल, तर त्याची दिशा ताऱ्याच्या अक्षाशी नीट बसायला हवी — समांतर, नाहीतर काटकोनात. मधेच कुठेतरी तिरकी आली तर गोष्ट संपली. अक्ष कुठे आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. परदेशातला एक गट रेडिओ दुर्बिणींनी ते काढत होता, त्यांना अजून वेळ होता. म्हणजे प्रज्ञाला आधी बोलून दाखवायची संधी होती. आमची दिशा ही, तुमची अशी येईल, बघा.

आणि नेमकी त्याच वेळी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली. त्यांनी प्रज्ञाला बोलावलं. काम येऊन मांडा, म्हणाले, टिकणारं असेल तर विचार करू. कायम जागा. दर जूनची मुलाखत संपली असती. ती त्या दिवशी मला म्हणाली, "हे हुकलं तर मी पुन्हा नाही करणार वं. थकून राहिली आता."

तो रविवार आला. ती बसनं आली, नवा कुर्ता घालून. मी विचारलं, आज काय आहे? "काही नाही, असंच." पोहे आले. वर तर्री, कांदा, चणे. माझा आकडा माझ्या डोक्यात होता — एकशे बावीस. चार दिवस मी तो काढत होते, आणि दर वेळी तोच येत होता.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

आणि मी थांबले.

किती थांबले? श्वासाएवढं नाही. पापणीएवढं. तोंडात पोह्याचा घास होता, तो अर्धवट गिळायच्या निमित्तानं थांबले. ती "अठ्ठाव—" पर्यंत पोचली होती, आणि शेवटचं "—न्न" मी तिच्याबरोबर म्हटलं.

तिनं टाळी वाजवली. चमचा खाली पडला. "भेटलं! भेटलं वं!" ठेल्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. आणि मी हसले. छान हसले मी.

हा माझा कबुलीजबाब — असं वाटलं ना तुम्हाला? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण हा कबुलीजबाब नाही. हा त्याचा उंबरठा.

कारण त्या अर्ध्या क्षणाबद्दल मी स्वतःला पुष्कळ काही सांगू शकते. तिचा चेहरा असा फुललेला होता, नवा कुर्ता होता, कसं म्हणणार होते मी? किंवा — चूक नेहमी माझीच निघते, म्हणजे याही वेळी माझीच असणार, मग उगाच कशाला? ऐकायला किती गोड. मैत्रीच मैत्री. पण आत काय होतं ते मला ठाऊक आहे. आत हे होतं, की मी कायम नोकरीतली, विभागप्रमुख, दारावर पाटी असलेली बाई, आणि मी त्या तासिकावालीपुढे पुन्हा एकदा चुकणार. पन्नाशीला टेकताना. पोह्यांच्या ठेल्यावर. ती हसून म्हणेल, "आता खरी मजा आहे." ते मला ऐकायचं नव्हतं. बस. एवढंसं होतं ते. एवढ्याशासाठी.

आता ते दुसरं.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. साडी नेसायची तिला सवय नाही, आणि भाषणाला साडीच नेसायची असं तिनं ठरवलेलं. मी तिला आमच्या बेडरूममध्ये उभी केली आणि खाली बसून निऱ्या धरल्या. ती वर आरशात बघत होती, मी खाली तिच्या पायांपाशी. आणि तिनं विचारलं.

"खरं सांग वं. तुले अठ्ठावन्नच आलं होतं ना? काहून की माह्या डोक्यात रात्रंदिवस तेच घोळून राहिलं. मी एकटीच असती तर मी हिंमत नसती केली. तुलेही तेच आलं म्हणून चालली."

बघा, इथे घास नव्हता. पापणीएवढा वेळ नव्हता — भरपूर वेळ होता. एकेक निरी सारखी करेपर्यंत ती वाट बघत उभी होती. नुसतं म्हणायचं होतं, प्रज्ञा, थांब, उतर, बस इथे. फार तर पुण्याची गाडी चुकली असती. पुढच्या आठवड्यात गेली असती. मी वर बघितलंसुद्धा नाही. निऱ्या खोचल्या आणि म्हटलं, "हो गं बाई. अठ्ठावन्नच. तुझी शपथ."

तिच्या गळ्याची शपथ मी खोटी घेतली. हा माझा कबुलीजबाब.

"मग मले कोणाची भीती नाही," ती म्हणाली. पदर नीट केला, आरशात स्वतःकडे बघून हसली आणि गेली.

तिचं भाषण मी इथे मोबाइलवर पाहिलं. काय बोलली ती! मला बाजूला ठेवा, पण तसं बोलायला जन्म जावा लागतो. शेवटी पुढच्या रांगेतून एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. आवाजात साखर, आणि प्रश्न सुरीसारखा. एवढ्या मोठ्या दाव्याची तपासणी दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे केली आहे का? की सगळं आपल्या एकटीचंच? सभागृहात कुणीतरी हसलं. आणि प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "नाही सर. माझी मैत्रीण सुनीता हिनं सुरुवातीपासून वेगळं काढलं. आम्ही एकमेकींचं काही पाहिलं नव्हतं. आमचा तसा नियम आहे." ते गृहस्थ खाली बसले. मी मोबाइल उपडा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन वरणाला फोडणी दिली.

ज्या खांबावर ती हात ठेवून उभी होती तो मी होते, आणि तो खांब पोकळ होता.

रेडिओवाल्यांचं उत्तर यायला काही महिने गेले. पुण्याची जागा त्यावरच अडली होती. अक्ष आमच्या दिशेशी बसला तर प्रज्ञा आत, तिरका आला तर पुन्हा कळमेश्वर, आणि शिवाय नाव गेलेलं. तुम्ही म्हणाल, निदान तेव्हा तरी तू तुझं गणित पुन्हा उघडलंस ना? नाही उघडलं. गाठ हाताला लागलेली असते आणि माणूस डॉक्टरकडे जात नाही, तसं. माझं बरोबर निघालं असतं तर मला बोलावं लागलं असतं. माझं चूक निघालं असतं तर — तर काय? तेही बघायचं धाडस नव्हतं. प्रज्ञाला झोप येईना. ती फोन करायची, मी तिला धीर द्यायची. "दोघींचं आलं ना तेच? मग?" असं मी म्हणायची. मी!

आणि आणखी एक. सांगतेच आता. त्या महिन्यांत एकदा — दुपारी भाजी निवडताना, एकदाच — माझ्या मनात आलं, की रेडिओवाल्यांचा अक्ष माझ्या एकशे बावीसशी जुळला तर? म्हणजे एकदा तरी मी बरोबर असेन. कुणाला कळणार नव्हतं, मला तरी कळलं असतं. तिची जागा जाईल हे माहीत असताना मला हे वाटलं. हातातली मेथी तशीच राहिली. मग मी ती निवडली.

उत्तर आलं. अक्ष अठ्ठावन्नशी बसला. अगदी समांतर.

प्रज्ञा संत्रा बर्फीचा डबा घेऊन धावत जिना चढून आली. लिफ्टसाठी थांबली नव्हती. मला मिठी मारून रडली. मीही रडले. तिला वाटलं आनंदानं. आनंदानंच होतं ते, त्यात खोट नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे आमच्या ह्यांना सांगू नका.

ती गेल्यावर मी गणित उघडलं. चूक सापडायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. नकाशा जमिनीवर पसरला की उत्तर समोर आणि पूर्व उजवीकडे, हो ना? पण आकाश आपण खालून बघतो. तोच नकाशा डोक्यावर धरा — पूर्व डावीकडे जाते. पहिल्या दोन ताऱ्यांना हे नीट केलं होतं, आणि या वेळी मी आकाशातला कोन जमिनीवरच्यासारखा मोजला होता. आरशातलं उत्तर काढलं होतं. एकशे ऐंशीतून माझे एकशे बावीस वजा करा, तिचे अठ्ठावन्न उरतात. बारावीच्या पोरांना मी हेच सांगते, की आकाशाचा नकाशा उलटा असतो, लक्षात ठेवा.

म्हणजे त्या रविवारी मी तीनला माझा आकडा म्हटला असता तर काय झालं असतं? ती "आता खरी मजा आहे" म्हणाली असती. पोह्यांची दुसरी प्लेट यायच्या आत तिनं ते हेरलं असतं. अठ्ठावन्न खरंच दोनदा तपासलं गेलं असतं. ती पुण्याच्या सभागृहात बोलली ते शब्दन् शब्द खरं ठरलं असतं. इतकं सोपं होतं.

तिचं उत्तर बरोबर निघालं, त्यानं माझं काही बरोबर होत नाही. ती एकटी गेली होती. बरोबर कुणी आहे असं समजून एकटी गेली होती. मी तिला तसं जाऊ दिलं.

प्रज्ञा आता पुण्याला आहे. कायम. दारावर पाटी आहे, आणि पाटीवरचं अक्षर माझ्या पाटीहून मोठं आहे असं ती मला मुद्दाम सांगते. दिवाळीला येते, आमच्याकडे राहते, ह्यांच्याशी राजकारणावर भांडते. तिचे विद्यार्थी आमचा नियम पाळतात. पहिल्याच दिवशी ती त्यांना माझी गोष्ट सांगते, की सुनीता नसती तर मी इथे नसते. एका मुलीनं मध्यंतरी मला फोन करून सांगितलं, "मॅडम, साक्षीदार असावा तर तुमच्यासारखा." मी म्हटलं, "अभ्यास कर." दुसरं काय म्हणणार?

आणि मी सुखात आहे. हे सर्वांत अवघड आहे सांगायला. लहानपणी वाटायचं, खोटी शपथ घेणाऱ्याला अन्न गोड लागत नाही. लागतं हो. रात्री डोळा लागतो, सकाळी उठून फिरायला जाते, गुलमोहर फुलला की बरं वाटतं. प्रज्ञाचं भलं झालं याचा आनंद इतका खरा आहे की त्याच्या आडोशाला हे सगळं निवांत बसून राहतं. कधी कधी आठवडे जातात, मला आठवतही नाही.

मग लिहायला का बसले? गेल्या रविवारमुळे.

प्रज्ञानं नवा तारा काढला आहे. याही वेळी दोघीच, म्हणाली, पोरं नकोत, जुन्यासारखं करू. महिनाभर काम केलं. रविवारी सकाळी ती तिकडे संगणकासमोर, मी इकडे. तिनं मोजलं आणि तीनला मी माझा आकडा म्हटला. वेळेवर. स्पष्ट. तिच्या तोंडाकडे न बघता. मी डोळेच मिटून घेतले होते. माझा एकतीस, तिचा चव्वेचाळीस.

काय हलकं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, सुधारले मी. या वयात, पण सुधारले.

प्रज्ञा खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होती. "नाही भेटलं! आता खरी मजा आहे!" मग चष्मा पुसत पडद्याजवळ आली. "कितीक वर्षं झाली वं अशी मजा येऊन. तारे हाती घेतले तेव्हापासून आपलं एकदाही नव्हतं चुकलं ना? हे पहिल्यांदाच ना?"

ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. घाई कसलीच नव्हती.

"पहिल्यांदाच," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघी चूक शोधायला बसलो.